शाळेत खोडलेलं, घरी खोडलेलं

कामठा
१९ जानेवारी २०२५

प्रिय गुंजन,

तुझा फोन लागत नाही. चेतनाच्या फोनवरूनही लागत नाही, म्हणजे तू वहिनीलाही ब्लॉक केलंस. राजनांदगावचा पत्ता तुझ्या मैत्रिणीकडून मिळवला. ती आधी देत नव्हती. मी म्हटलं, मी येणार नाही, नुसतं पत्र टाकतो, तेव्हा दिला.

माझ्या नाटकामुळे तू नवऱ्याचं घर सोडलंस असं सगळे म्हणून राहिले. तुलाही तसंच वाटत असेल तर माझं एकदा ऐकून घे.

तुझ्यावर नाटक लिहायचं हे माझ्याच डोक्यात आलं, कबूल. आशा सेविका म्हणून तू सासरच्या गावात जे केलंस ते मला कोणाला तरी दाखवायचं होतं. भर पावसात अडलेल्या बाया खाटेवर घालून नाला ओलांडणं, मग पुलासाठी पंचायत समितीच्या दारात बसणं. आपल्या झाडीपट्टीत हिवाळाभर गावोगाव नाटकं चालतात, त्यात राजे, दरोडेखोर, व्यसनी नवरे सगळे येऊन गेले. एक आशा का येऊ नये? वडशाच्या नाटक मंडळीवाल्या नंदलालनं ते बसवायचं कबूल केलं आणि मी शाळा सांभाळून लिहायला बसलो.

पुढचं तुझ्या मनानं झालं. दिवाळीआधी तू आलीस. माय शेतात होती, चेतना बाजारात. तू सांगितलंस की लग्नाआधी नागपूरला नर्सिंग शिकत असताना तुला मुलगी झाली होती. तू तापानं पडलेली असताना बाबांनी आणि मायनं तिला नेऊन एका संस्थेत दिलं. बरी झाल्यावर तू कोणाला न सांगता तिला परत आणायला गेलीस, आणि पोर दत्तक गेली असं तुला दारातच सांगितलं. मी त्या वर्षी भंडाऱ्याला डी.एड. करत होतो. मला कोणीच काही कळू दिलं नव्हतं. तू सांगत होतीस आणि मी तुझ्याकडे बघूही शकत नव्हतो.

शेवटी तूच म्हणालीस, “भाऊ, हे एकदा लिहून दाव. मले वाचाचं आहे. मंग पुसून टाक.”

मी लिहिलं. नाटकाच्याच फाइलमध्ये लिहिलं, कारण नाटकातली बाई तूच होतीस. एका प्रसंगात ती तापात बडबडते, “मी माही पोर टाकून आली.” पुढच्या प्रसंगात ती संस्थेच्या दारात जाऊन पोर मागते. तू वाचलंस. डोळे पुसलेस आणि म्हणालीस, आता काढ. मी काढलं. आठवडाभर बसून एकेक ओळ काढली, कारण त्याचे धागे साऱ्या नाटकात गेले होते. जिथे वेळ मिळेल तिथे बसलो, कधी शाळेत, कधी घरी.

आता मशीनचं सांगतो. नंदलालच्या सांगण्यावरून फाइलला ‘ट्रॅक चेंजेस’ लावलं होतं. कोणी काय बदललं ते त्यात दिसतं. नवी ओळ लाल येते, काढलेल्या ओळीवर काट येते. सगळं पान लाल झालं की वाचवत नाही, म्हणून मी खुणा लपवून ठेवल्या होत्या. शाळेच्या लॅपटॉपवर ते सुरू राहायचं. तीच फाइल घरच्या कॉम्प्युटरवर उघडली की कधी सुरू असायचं, बहुतेकदा बंद. असं का, ते मला अजून कळलेलं नाही. सुरू असताना खोडलेली ओळ नुसती पडद्याआड जाते. बंद असताना खोडलेली ओळ खरंच जाते. समोर मात्र दोन्हीकडे सारखंच स्वच्छ पान दिसतं. मी काय ओळखणार?

नंदलालच्या टायपिस्टकडे दुसरंच सॉफ्टवेअर होतं. त्यानं फाइल उघडली तेव्हा पडद्याआडच्या ओळी साध्या ओळींसारख्या परत आल्या. ना लाल, ना काट. त्याला वाटलं मीच लिहिलं आहे. तसंच छापून नटांच्या हातात दिलं. तालमी वडशाला होत्या आणि मी इकडे परीक्षांच्या कामात. म्हणजे बघ, जे शाळेत खोडलं ते परत आलं आणि जे घरी खोडलं ते गेलं. तापातली बडबड मी शाळेत खोडली होती. दारात जाऊन पोर मागितल्याचा प्रसंग घरी.

शंकरपटाच्या, बैलांच्या शर्यतीच्या, मंडपात काय झालं ते मी तुला काय सांगू. तुला शाल दिली, नारळ दिला, पहिल्या रांगेत जवाई खुशालजींच्या आणि तुझ्या सासूच्या मधे बसवलं. माइकवरून सांगितलं की ही सत्यकथा आहे, ही बाई आपल्याच गावची आहे. ते सांगणारा मीच होतो. आणि मग त्या नटीनं ते वाक्य म्हटलं. मी पडद्यामागे होतो. बाहेर इतकी शांतता झाली की मला वाटलं लाइट गेली.

मी वाकडं काही केलं नाही, गुंजन. एवढंच तुला पटावं म्हणून हे लिहिलं.

तुझा भाऊ
लीलाधर


कामठा
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय गुंजन,

तुझं उत्तर नाही. पत्र मिळालं असं पोस्टमन म्हणतो, कारण परत आलं नाही.

काल खुशालजी आले होते. मी त्यांना बसवलं, चेतनानं चहा केला, त्यांनी कपाला हात लावला नाही. मला वाटलं भांडतील. भांडले असते तर बरं झालं असतं. ते खाली बघतच म्हणाले, लग्नाआधी पोर झाली हे कळलं तेव्हा वाईट वाटलं, पण त्याचं त्यांनी पाहून घेतलं असतं. त्यांना झोपू देत नाही ती दुसरीच गोष्ट. स्वतःची पोर टाकून आलेली बाई गावातल्या पोरींची बाळंतपणं करते, असं त्यांची आई उठता-बसता बोलते.

मी त्यांना सांगितलं की तू परत गेली होतीस. पोर मागितली होतीस. तो प्रसंग मी लिहिला होता.

त्यांनी मान वर केली. म्हणाले, “लिहला होता तं मशीनमधी असन ना, भाऊ. मले दावा.”

मी त्यांना गाडीवर बसवून गोंदियाला नेलं. ओळखीच्या कॉम्प्युटरवाल्याला शाळेचा लॅपटॉप दिला, घरच्या कॉम्प्युटरचा डबा उचलून दिला. त्यानं दिवसभर खटपट केली. तापातली बडबड जिथे तिथे निघाली. जुन्या फाइलमध्ये, मेलमध्ये, नंदलालला पाठवलेल्या प्रतीत, समासात माझं नाव आणि वेळ घालून. जे पुसायला मी धडपडलो ते त्या यंत्रानं जिवापलीकडे सांभाळून ठेवलं होतं. आणि दारातला प्रसंग? एक ओळसुद्धा नाही. कॉम्प्युटरवाला हिंदीत म्हणाला, सर, ये तो कभी लिखा ही नहीं गया जैसा है. खुशालजी माझ्या शेजारीच उभे होते.

घरी येऊन मी तो प्रसंग पुन्हा लिहिला. आठवेल तसा, तू सांगितलेल्या शब्दांत. रखवालदारानं तुला ‘बाई’ न म्हणता ‘ए’ म्हटलं, तू पायरीवर बसून राहिलीस, कोणीतरी तुला पाणी आणून दिलं, ते सारं लिहिलं आणि आज त्यांच्याकडे घेऊन गेलो. ते वाचून त्यांनी कागद माझ्याकडे परत दिला.

“हे तं आजचं आहे,” ते म्हणाले. “तुम्ही लिहणारे माणूस. तुम्ही काहीही लिहू शकता.”

त्यात राग नव्हता. बोलून झाल्यावर ते मला रस्त्यापर्यंत सोडायला आले. तुझा टिंकू अंगणात सायकल शिकत होता. मला बघून तो आत पळाला, नेहमीसारखा धावत आला नाही.

तू खुशालजींना एक फोन कर. तू सांगितलंस तर ते ऐकतील. मला बोलू नकोस, चालेल.

लीलाधर


कामठा
१६ मार्च २०२५

प्रिय गुंजन,

हे पत्र लिहू की नको असं चार वेळा झालं. चांगलं सांगण्यासारखं काही नाही.

मी मायला विचारलं. म्हटलं, तू आणि बाबा दोघंच तिथे होते, बाबा तर गेले. जवायांना एवढंच सांग की गुंजननं टाकली नाही, आम्ही नेऊन दिली, आणि ती परत मागायला गेली होती. तुला माहीत आहे, संस्थेतून घरी निरोप आला होता की तुमची मुलगी इथे येऊन बसली आहे, घेऊन जा. बाबाच तुला आणायला आले होते. हे तूच मला सांगितलं होतंस.

माय तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला नाही.

म्हणाली, मले काही आठवत नाही. मी पुन्हा विचारलं. ती म्हणाली, “मेलेल्या माणसाले कायले ओढून राहिला तू?” मग सूप उचलून आत गेली. त्या दिवसापासून माझ्याशी कामापुरतं बोलते. चेतना म्हणते, तिला त्रास देऊ नका, या वयात तिनं आता काय काय उघडं करायचं? मी चेतनालाही बोललो.

आणि नाटकही थांबलं नाही. ते वाक्य काढ म्हणून मी नंदलालच्या हातापाया पडलो. त्यानं काढलं, खोटं कशाला बोलू. नवीन प्रत छापली, माझ्यासमोर वाचून दाखवली, त्यात ते नव्हतं. पुढचा प्रयोग अर्जुनीकडे होता, मी स्वतः जाऊन बसलो. ती नटी त्या जागेवर आली, थांबली, आणि ते वाक्य बोलली. नंतर मला म्हणाली, सर, तोंडात बसलं आहे, आणि बाया तिथंच रडतात, मी काय करू. चांगली मुलगी आहे. तिला यातलं काहीच माहीत नाही.

मी नंदलालला लेखी दिलं की माझं नाटक परत घेतो. त्यानं नाव बदललं, माझं नाव काढलं, आणि होळीपर्यंत प्रयोग केले. त्यातली बाई आता कुठल्याच गावची नाही. तरी तुझ्या गावातले लोक कुठे कुठे जाऊन बघून आले.

कागदावरून काढण्यासाठी मी एवढं रक्त आटवलं. नटाच्या तोंडातलं, लोकांच्या कानातलं मी कसं काढू? माझ्यानं आता काहीच होत नाही, गुंजन. शाळेत फळ्यावर लिहिलेलं पुसताना हात आखडतो. पोरं हसतात.

तुझ्या जागी दुसरी आशा आली असं ऐकलं. हे तुला सांगायला नको होतं.

लीलाधर


कामठा
२२ एप्रिल २०२५

गुंजन,

आज बातमी आहे.

परवा तिरोड्याला मामांच्या नातवाचं लग्न होतं. माय येत नव्हती, चेतनानं ओढून आणलं. तुझ्या सासरचेही होते, त्यांना बोलावणं असणारच. दुपारच्या पंगतीत बाया एका बाजूला बसल्या. मी वाढणाऱ्यांत होतो, म्हणून मला सगळं ऐकू आलं. तुझ्या सासूच्या शेजारची एक बाई मायला जागा करून देत होती, तर सासू म्हणाली, तिकडे बसू द्या, ज्या घरच्या पोरी लेकरं फेकतात त्यांच्या पंगतीत मी जेवत नाही.

माय उभीच होती. मला वाटलं ती परत फिरेल. तिनं पदर खोचला आणि म्हणाली, “माह्या पोरीनं नाही टाकली. मी देली. तिच्या बापानं अन् मी. ती तापात बेसुध होती. अंगात ताकद आली तशी ती एकटी पोर मांगाले गेली होती, अन् तिच्या बापानं तिले हाताले धरून घरी आणलं. आता बोला काय बोलाचं ते मले.”

ती ओरडली नाही. बाजारात भाव सांगावा तशी बोलली. सगळी पंगत ऐकत होती. पुरुषांच्या बाजूला खुशालजी बसले होते, त्यांनीही ऐकलं. मग माय त्याच जागेवर, तुझ्या सासूच्या शेजारी बसली आणि जेवली. ताटातलं सगळं संपवलं. मी भात वाढायला गेलो तर मला म्हणाली, नीट वाढ, खाली सांडून राहिला.

खुशालजी जेवण अर्धं टाकून उठले. मंडपाच्या मागे मला गाठलं, माझे दोन्ही हात धरले. म्हणाले की दोन दिवसांत राजनांदगावला जातो, तिला घेऊन येतो.

म्हणून घाईनं लिहून राहिलो. हे पत्र त्यांच्याच हाती देणार आहे. त्यांना दारातून परत पाठवू नकोस. त्यांनी तीन महिने फार सोसलं आहे. टिंकूनं सोसलं आहे. माय तर कालपासून अंगणाकडे तोंड करून बसते. सगळं सरळ झालं आहे, गुंजन. आता कोणाच्याही मनात काही नाही.

तुझा भाऊ
लीलाधर


कामठा
२५ मे २०२५

प्रिय गुंजन,

खुशालजी एकटेच आले. आल्यावर बरेच दिवस त्यांनी काही सांगितलं नाही. टिंकूला सुटीत तुझ्याकडे सोडून आले, आणि तो आता तिथल्याच शाळेत जाणार हे ठरलं, तेव्हा मला बोलावलं. रिकाम्या घरात बसून त्यांनी सांगितलं.

तू कामाला आहेस त्या दवाखान्याच्या फाटकापाशी उभी होतीस, अंगावर आयांचे निळे कपडे होते, म्हणाले. त्यांनी तुला पंगतीत काय घडलं ते सांगितलं. तू शेवटपर्यंत ऐकलंस. मग विचारलंस की मायची तब्येत कशी आहे. आणि मग म्हणालीस, “तुम्ही भाऊले विचारलं, मशीनले विचारलं. माह्या मायनं भर पंगतीत सांगतलं तवा तुम्हाले खरं वाटलं. मले काऊन नाही विचारलं?”

त्यांनी मला हे जसंच्या तसं सांगितलं. काही लपवलं नाही. ते म्हणाले, त्या दिवशी नाटकावरून घरी येताना ती माझ्या मागे गाडीवर बसली होती. मी सगळा रस्ता विचार करून राहिलो का ती बोलन. ती विचार करून राहिली असन का मी विचारन. पहाटे ती गेली तेव्हा मी जागाच होतो, भाऊ.

मी तिथून निघालो आणि माझी चारही पत्रं मनात वाचली. मी तुला मशीनचं सांगितलं, नंदलालचं, मायचं, माझ्या आखडलेल्या हाताचं. तू कुठे राहतेस, काय खातेस, रात्रीची पाळी असते का, हे एका ओळीतही विचारलं नाही. तुझ्या मुलीबद्दल तर नाहीच. ती असती तर आता दहावीला असती, किंवा असेलच, हे माझ्या मनात आजवर आलं नव्हतं. मी तिला एक प्रसंगच समजून बसलो होतो, राहिलेला किंवा गेलेला.

तू खुशालजींजवळ माझ्यासाठी निरोप दिलास की भाऊनं आता लिहू नये. मी ऐकतो. या पत्रानंतर नाही लिहिणार. तुझं माहेर आहे, असं म्हणण्याची हिंमत माझ्यात नाही. घर आहे. कधी यावंसं वाटलं तर मी शाळेत असताना ये, मायला भेट, जा.

हे पत्र का लिहिलं ते सांगतो.

काल दुपारी मी आणि माय ओसरीवर होतो. ती आपणहून बोलायला लागली, माझ्याकडे न बघता. मी काही विचारलं नव्हतं. म्हणाली, त्या दिवशी संस्थेत पोरीला तिनंच हातातून दिलं, बाबा रिक्षात बसून होते. आतल्या बाईनं पोर घेतली आणि आत गेली. तेवढ्यात पोर शिंकली. मायनं ते ऐकलं. थंडीचे दिवस होते. तिच्या लक्षात आलं की डोक्याला टोपी नाही. ती परत वळली तर दार लागलं होतं. ती दारावर हात ठेवून म्हणत राहिली, टोपी घाला हो, पोरीले टोपी घाला, सर्दी हून राहिली. कोणी आलं नाही. बाबांनी हाक मारली तशी ती येऊन रिक्षात बसली.

मग म्हणाली, “गुंजनले हे सांगजो. तिले वाटत असन का मी पोरीकडे पाहलंही नाही.”

मी सांगितलं. तुझ्या तापामुळे तुला जे कळलं नाही त्यातलं एवढंच मायजवळ होतं. हे मी कुठल्या फाइलमध्ये लिहिलेलं नाही, आणि याची दुसरी प्रत नाही. तू वाचून फाडलंस तर ते गेलं.

लीलाधर